सेवक-नेतृत्व आणि शिष्यत्व (ख्रिस्ती धर्म)

सेवक-नेतृत्व आणि शिष्यत्व या ख्रिस्ती धर्मातील एकमेकींत गुंतलेल्या संकल्पना आहेत. येशूच्या मागे चालणे, त्याच्याजवळ राहून शिकणे आणि त्यापायी स्वतःच्या सोयी व हक्कांवर पाणी सोडणे म्हणजे शिष्यत्व. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने तो इतरांच्या सेवेसाठी राबवणे म्हणजे सेवक-नेतृत्व. ख्रिस्ती विचारात पुढारी हाही आधी शिष्य असतो आणि शेवटपर्यंत शिष्यच राहतो.

या विचाराचा मुख्य आधार बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रग्रंथातला) १०:३५–४५ हा उतारा. जब्दीचे मुलगे याकोब व योहान येशूच्या वैभवात त्याच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागतात. बाकीचे दहा शिष्य यावर चिडतात; तत्त्वापेक्षा जागा हुकल्याचाच राग अधिक असावा, असे वाचताना वाटत राहते. येशू त्यांना सांगतो की राज्यकर्ते लोकांवर धनीपण गाजवतात, पण तुमच्यात तसे नको. ज्याला पहिले व्हायचे आहे त्याने सर्वांचे दास व्हावे. लूक या शुभवर्तमानकाराने मोठे कोण हा वाद शेवटच्या भोजनाच्या पंगतीतच घातला आहे (२२:२४–२७).

योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) हीच शिकवण कृतीत उतरते. भोजन चालू असताना येशू उठतो, बाह्यवस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊन त्याच रुमालाने पुसतो. त्या काळी हे काम घरातल्या गुलामाचे. गुरूची पाद्यपूजा शिष्याने करायची, हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे त्या मराठी वाचकाला शिष्य पेत्राचा पाय धुऊ देण्यास नकार समजावून सांगावा लागत नाही. ‘माझे पाय तुम्ही धुणार?’ हा संकोच अगदी आपल्याकडचा आहे. पाय धुतलेल्यांत येशूला पकडून देणारा यहूदा इस्कर्योतही होता, ही बाब प्रवचनांत बरेचदा निसटते. प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील स्तोत्र (२:५–११) हाच विचार देवाने दासाचे रूप घेण्यापर्यंत नेते.

त्या काळच्या यहुदी रिवाजात शिकू पाहणारा सहसा स्वतःच गुरू निवडत असे. येथे गुरूच हाक मारतो, आणि तीही जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना व जकातनाक्यावर बसलेल्याला. या हाकेची किंमत मार्क ८:३४ मध्ये स्पष्ट आहे : स्वतःला नाकारावे, आपला वधस्तंभ (क्रूस) उचलावा आणि मागे यावे. शिष्य म्हणजे येशूने निवडलेले बारा प्रेषितच असा समज असला, तरी बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात (९:३६) यापो येथील टबीथा हिला शिष्या म्हटले आहे. ती विधवांसाठी कपडे शिवीत असे. त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अन्नवाटपातील तक्रारींवरून सात जण नेमले जातात. डीकन या चर्चमधील सेवाकार्याच्या पदाचे मूळ परंपरेने तेथे मानतात.

पुढच्या इतिहासात पोप पहिला ग्रेगरी (कार्यकाळ ५९०–६०४) स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवत असे. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमांत स्वयंपाकघराची पाळी आळीपाळीने सर्वांकडे येते. जर्मन ईशज्ञ (ख्रिस्ती धर्मतत्त्वांचा अभ्यासक) डीट्रिख बोनहॉफर याने १९३७ साली शिष्यत्वावरील आपल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपे’वर, म्हणजे शिष्यत्वाची किंमत न मोजता मागितलेल्या देवाच्या कृपेवर, टीका केली, नाझी राजवटीने त्याला १९४५ मध्ये फाशी दिली. सेवक-नेतृत्व ही संज्ञा व्यवस्थापनशास्त्रात रूढ झाली ती अमेरिकेतील रॉबर्ट ग्रीनलीफ याच्या १९७० च्या निबंधामुळे. कार्यशाळांत आज ती मुख्यतः याच अर्थाने भेटते आणि वधस्तंभ त्यातून बहुधा गळालेला असतो.

पुणे परिसरात या विचाराला जो आकार आला, त्याच्या केंद्रस्थानी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आहेत. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचा तेथील अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) धर्मभगिनींशी आणि बिशपांशी खटका उडाला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे म्हणणे होते. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच मानेवरून उतरवले आहे, लगेच दुसरे घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी १८८५ मध्ये पत्रातून दिले. ख्रिस्ताचे शिष्यत्व आणि धर्माधिकाऱ्यांची ताबेदारी यांत त्यांनी केलेला हा फरक मराठी ख्रिस्ती विचारातला एक कळीचा टप्पा म्हणावा लागेल. विधवा व मुलींच्या शिक्षणासाठी १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून निराधार मुली घेऊन आल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्ती मिशन हा आश्रम उभा राहिला. त्यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे भाषांतर. ‘पंडिता’ ही पदवी मिळवलेल्या या संस्कृतज्ञ बाईने त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकून घेतले आणि संस्कृतचा भार टाळून साध्या, अल्पशिक्षित बाईला कळेल अशी मराठी मुद्दाम वापरली. छपाईचे काम आश्रमातल्या स्त्रियांनीच केले. पूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये निघाला. विद्वत्ता खाली उतरवून ठेवणे हा सेवक-नेतृत्वाचा याहून नेमका नमुना मराठीत सापडणे कठीण.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची वाट वेगळी होती. आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते; म्हणजे शिष्यत्वाची हद्द त्यांनी मंडळीच्या नोंदवहीबाहेर नेली. इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापलेला ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम त्याच दशकाच्या अखेरीस पुण्यात शिवाजीनगरला आला. तेथे इंग्रज आणि भारतीय सभासद एकत्र राहत, खादी घालत आणि जमिनीवर बसून जेवत. राज्यकर्त्या जमातीच्या माणसांनी तसे राहणे, हे त्या काळी एक विधानच होते. पुण्यातील पंचहौद मिशन म्हटले की पुणेकराला मात्र १८९० चे चहाप्रकरण (तेथे ब्राह्मण पुढाऱ्यांनी चहा घेतल्याचा वाद) आणि त्यानंतरचे ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा खटलाच, आधी आठवतो; तेथील धर्मभगिनींनी चालवलेले काम सहसा आठवत नाही. नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरी (१९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून स्थलांतरित) आणि बिबवेवाडीतील युनियन बिब्लिकल सेमिनरी (१९८३ मध्ये यवतमाळहून) यांच्यामुळे पुणे हे भावी फादर व पाळक घडवणारे देशातील एक प्रमुख केंद्र बनले आहे.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, कॅथलिक चर्चमध्ये फादर वेदीसमोर बसलेल्या, सहसा बारा जणांचे पाय धुतात. या विधीत स्त्रियांनाही घेण्याची अधिकृत मुभा पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने जानेवारी २०१६ मध्ये मिळाली. वर्षातून एकदा रुमाल कमरेला बांधणे सोपे, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या बैठकीत दुसऱ्याचे ऐकून घेणे अवघड, असे मंडळीतली जुनी माणसे म्हणतात ते खोटे नाही.

संकल्पनेवरील गंभीर आक्षेप स्त्रीवादी आणि दलित ईशज्ञानाकडून आले. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या सक्तीची सेवाच आली, त्यांना पुन्हा सेवेचाच उपदेश करणे म्हणजे जुन्या उतरंडीला पवित्र ठरवणे, असे स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात. दलित ईशज्ञानाचे प्रवर्तक अरविंद निर्मल यांनी हाच धागा उलटा धरला : देवच सेवक असेल, तर झाडू मारणाऱ्याचे आणि मैला वाहणाऱ्याचे काम देवाच्या स्वभावाशी नाते सांगते. इतर भाष्यकार योहान १३:१३ कडे बोट दाखवतात. पाय धुऊन झाल्यावर येशू ‘गुरू’ व ‘प्रभू’ ही संबोधने नाकारत नाही, उलट ती योग्यच असल्याचे सांगतो. त्यामुळे ही आज्ञा आधी लागू होते ती अधिकार असलेल्याला, असे त्यांचे म्हणणे आहे.