खिडकी बंद झाली तरी सेशन चालूच

दूरच्या सर्व्हरवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा प्रॉम्प्ट (एकेक आज्ञा टाइप करायची जागा) उघडला, भलीमोठी डेटा फाइल लोड केली, तासभर खपून ती साफसूफ केली, आणि नेमकं तेव्हाच वाय-फाय गेलं. एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकावर टाइप करून काम करायचं कनेक्शन, तुटलं, त्यासरशी पायथनही गेलं आणि त्याच्या मेमरीतला डेटाही. सर्व्हर तर ठणठणीत चालू होता, मग प्रोग्राम का मेला?

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. पूर्वी टर्मिनल फोनच्या लाइनवरून संगणकाला जोडलेले असत. लाइन कटली तर बेवारस प्रोग्राम मशीन अडवून बसू नयेत, म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, 'सिगहप' हा 1 क्रमांकाचा सिग्नल पाठवतं. तो मिळाला की, वेगळं काही ठरवलेलं नसेल तर, प्रोग्रामने गाशा गुंडाळायचा. फोनची लाइन गेली, पण टर्मिनलची खिडकी बंद केली तरी आजही हाच सिग्नल जातो.

यावर 'नोहप' हा प्रोग्राम वापरा, असं बरेच जण सुचवतात. रात्रभर आपलं आपण चालणाऱ्या कामाला तो ठीक आहे. पण सेशनला, म्हणजे चालू प्रोग्रामशी प्रॉम्प्टवर चाललेल्या प्रश्नोत्तरांना, त्याचा काही उपयोग नाही. लिनक्सवरचा नोहप सिग्नलपासून वाचवतो खरा, पण कीबोर्डकडून येणारी वाटही बंद करतो. वाचायला काहीच नाही म्हटल्यावर पायथन लगेच बाहेर पडतो.

1987 मध्ये आलेला 'स्क्रीन' आणि 2007 पासूनचा 'टीमक्स' हे प्रोग्राम वेगळी युक्ती करतात. टीमक्सचा स्वतःचा एक सर्व्हर प्रोग्राम त्याच दूरच्या मशीनवर पार्श्वभूमीला चालतो आणि पायथनला एक आभासी टर्मिनल देतो. पायथनच्या दृष्टीने समोर कुणीतरी कायम बसलेलं असतं. आपण फक्त त्या सर्व्हरला जोडलेला क्लायंट. कनेक्शन तुटलं तर सिग्नलचा फटका आपल्या क्लायंटला बसतो, पायथनला त्याचा पत्ताही लागत नाही. पुन्हा लॉगिन करून 'टीमक्स अटॅच' म्हटलं की अर्धवट टाइप केलेली ओळसुद्धा तिथेच सापडते.

मला याहून मोलाची वाटते ती पुढची सोय: अटॅच न होताच सेशनशी बोलता येतं. 'सेंड-कीज' ही आज्ञा बाहेरून एखादी ओळ जणू हाताने टाइप केल्यासारखी आत पाठवते आणि 'कॅप्चर-पेन' पडद्यावरचा मजकूर परत आणून देते. डेटा आधीच मेमरीत असल्यामुळे, जो प्रश्न नव्याने सुरू केलेल्या स्क्रिप्टला काही मिनिटं खायला लावतो, त्याचं उत्तर इथे क्षणात येऊ शकतं. गोम एवढीच की उत्तर पूर्ण झालं की नाही, हे टीमक्स सांगत नाही. प्रॉम्प्ट परत दिसेपर्यंत वाट पाहावी लागते. ज्युपिटर या नोटबुकसारख्या प्रोग्रामने ही अडचण मुळातच टाळली आहे. त्याचा कर्नल (वरचा ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हे, तर कोड चालवणारा भाग) ही स्वतंत्र प्रोसेस असते आणि काम संपल्यावर ती तसा संदेश पाठवते.

टीमक्सशिवाय, साध्या नेम्ड पाइपनेही (एका प्रोग्रामने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईल अशा खास फाइलनेही) हे जमतं, पण दोन ठिकाणी पाय घसरतो. समोर टर्मिनल नाही असं दिसलं की पायथन प्रॉम्प्ट देतच नाही, म्हणून त्याला 'मायनस आय' हा पर्याय द्यावा लागतो. शिवाय पाइपमध्ये लिहिणारा शेवटचा प्रोग्राम बंद झाला की इनपुट संपलं असं ठरून सेशन आटोपतं. म्हणून लिहिण्याचं टोक कुणीतरी उघडं धरून ठेवावं लागतं.

जिवंत सेशन किती कामाचं असतं, हे 1999 च्या मे महिन्यात नासाच्या डीप स्पेस 1 यानावर दिसलं. यानावरचा 'रिमोट एजंट' हा लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्राम अडकून पडला. कोट्यवधी किलोमीटर दूर चालू असलेल्या लिस्प सेशनमुळे पृथ्वीवरच्या अभियंत्यांना बिघाड शोधायला मोठी मदत झाली.

मात्र फार दिवस चालवलेल्या सेशनवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. कोडच्या फाइलमधून केव्हाच खोडलेलं फंक्शन मेमरीत तसंच असतं आणि कोड बिनतक्रार चालतो. नव्या मशीनवर मात्र पहिल्याच ओळीला कोसळतो. म्हणून अधूनमधून तीच फाइल शेजारी कोऱ्या प्रोसेसमध्ये चालवून पाहावी. तेवढ्यासाठी जुनं सेशन बंद करायची गरज नाही.