मुंग्या, बधिरता आणि 'ई'ची हिरवी कॅप्सूल

मुंबईत कुठल्याही केमिस्टकडे जीवनसत्त्व ईची 400 मिलिग्रॅमची हिरवी कॅप्सूल, एव्हिऑन, मिळते. केस आणि त्वचेसाठी ती घेणारे पुष्कळ, तळपायाला मुंग्या येतात म्हणून घेणारेही आहेत. नसांशी तिचं नातं जुळलं ते मात्र एका दुर्मीळ आजारामुळे.

1922 साली बर्कलीत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना हे जीवनसत्त्व सापडलं तेव्हा प्रश्न उंदरांच्या गर्भधारणेचा होता. नसांचा विषयच नव्हता. 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या बॅसन आणि कॉर्नझ्वाइग यांनी तोल जाणं आणि नजर अधू होणं असा एक रोग नोंदवला. पुढे कळलं की हा रोग असलेल्या मुलांच्या आतड्यातून चरबी रक्तात नीट जातच नाही, त्यामुळे चरबीत विरघळणारं ईसुद्धा वाया जातं. ईचं नसांना मिळणारं संरक्षण गेलं की सर्वांत लांब नसा आधी झिजतात, म्हणजे पायांच्या. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. 128 हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवला तरी थरथर जाणवत नाही. डोळे मिटून उभं राहिलं की माणूस डोलू लागतो.

लंडनच्या मुलर आणि लॉइड यांनी 1977 साली अशा मुलांवरच्या दीर्घ उपचाराचा अनुभव मांडला: किलोमागे रोज 100 मिलिग्रॅम ई दिलं तर ही घसरण रोखता येते. 20 किलोच्या मुलाला 2000 मिलिग्रॅम, म्हणजे रोज पाच कॅप्सूल! शोषणच अधू असल्याने एवढा डोस लागतो. धडधाकट मोठ्या माणसाची रोजची गरज जेमतेम 15 मिलिग्रॅम.

मग आशा केमोकडे, म्हणजे कर्करोगाच्या औषधांमुळे नसांना होणाऱ्या त्रासाकडे वळली. 2003 साली इटलीतल्या एका छोट्या चाचणीत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधासोबत रोज 300 मिलिग्रॅम ई दिल्यावर नसांचा त्रास पुष्कळ कमी दिसला. पण चाचणी पूर्ण करणारे रुग्ण होते फक्त 27. 2011 साली अमेरिकेत 207 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्रास ई घेणाऱ्यांत 34 टक्के, नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 29 टक्के. हा आकडा आमच्या मते निर्णायक आहे. म्हणून केमो चालू असताना ऑन्कॉलॉजिस्टला न विचारता ही कॅप्सूल सुरू करू नये. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर जास्त डोसने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

शिवाय आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत, मुंग्यांमागे बी12ची कमतरता असू शकते. तपासणी न करता महिनोन्‌महिने ई घेतलं तर तेवढा काळ नसा झिजत राहतात, आणि उशिरा सुरू केलेली बी12ची इंजेक्शनं झालेलं सगळं नुकसान भरून काढतीलच असं नाही.