चांदण्यातल्या चांदण्या

कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो आणि म्हणूनच त्या महिन्याला कार्तिक म्हणतात, हे आपण शाळेत ऐकलेले असते. परंतु त्याच रात्री अंगणात उभे राहून कृत्तिकांचा पुंजका शोधू लागले, तर तो नुसत्या डोळ्यांना सहसा सापडत नाही. ज्या तारकांवरून महिन्याला नाव मिळाले त्यांनाच त्या महिन्याची पौर्णिमा झाकून टाकते. माघी पौर्णिमेला मात्र मघा नक्षत्रातला ठळक तारा चंद्राशेजारी असूनही दिसतो आणि चैत्री पौर्णिमेला चित्राही दिसते. चंद्रप्रकाश आकाशातले सगळेच पुसून टाकत नाही. तो निवड करतो, आणि त्या निवडीमागचे कारण समजून घेतले तर पौर्णिमेची रात्र आकाशनिरीक्षणासाठी वाया गेली असे मानण्याचे कारण उरत नाही.

माझे घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आहे. घरामागच्या परड्यात एक फणस आणि दोन नारळ आहेत, दक्षिणेकडची बाजू भातशेतीमुळे मोकळी आहे. कोजागरीच्या रात्री मी तेथे दुर्बीण मांडत असताना शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून विचारले होते, "एवढं चांदणं पडलंय की, आज कुठल्या चांदण्या दिसत्यात तुला?" चंद्राचा उजेड म्हणजे चांदणे आणि आकाशातला तारा म्हणजे चांदणी, अशी जवळची नावे आपल्या भाषेने या दोघांना दिली आहेत, त्यामुळे एक पसरले की दुसरी हरवते हा विरोध मराठी माणसाला अधिकच जाणवत असावा. आजींच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या रात्री आकाश दाखवूनच दिले. ते येथे सविस्तर लिहितो.

चंद्राचा पृष्ठभाग मुळात काळपट आहे. त्याच्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सरासरी फक्त १२ टक्के प्रकाश तो परत पाठवतो, म्हणजे वापरून जुन्या झालेल्या डांबरी रस्त्याइतकाच. तरीही पूर्ण चंद्राची तेजस्विता उणे १२.७ प्रतीपर्यंत पोहोचते. ताऱ्यांच्या तेजस्वितेला मराठीत प्रत म्हणतात. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात शंभर पटींचा फरक. येथे एक गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही: अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्मा नव्हे, तर जेमतेम एक दशांश प्रकाश देतो. अष्टमीला सूर्यकिरण चंद्रावर आपल्या दृष्टीने बाजूने पडतात, त्यामुळे तेथला प्रत्येक डोंगर, विवराची प्रत्येक कड आणि मातीचा प्रत्येक कणसुद्धा आपली सावली टाकतो. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागे असल्याने या सगळ्या सावल्या आपापल्या वस्तूंच्या मागे लपतात. म्हणून द्वादशीपासून चांदणे एकाएकी वाढल्यासारखे वाटते.

हा उजेड थेट आपल्या डोळ्यांत आला असता तर चंद्राकडे पाठ फिरवून काम भागले असते. तसे होत नाही, कारण वाटेत हवा आहे. हवेतले रेणू चंद्रप्रकाश सगळीकडे विखुरतात, आणि दिवसा सूर्यप्रकाशाच्या बाबतीत होते तसेच निळा रंग तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरला जातो. पौर्णिमेचे आकाश खरोखरच निळे असते; आपल्या डोळ्यांतल्या मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशींना रंग ओळखता येत नाहीत म्हणून ते आपल्याला राखाडी दिसते, पण कॅमेऱ्याची झडप वीस-तीस सेकंद उघडी ठेवली तर त्या छायाचित्रात भर दुपारसारखे निळे आकाश आणि त्यात तारे उमटतात. रेणूंच्या जोडीला धूळ आणि धूर असतील तर चंद्राभोवती पांढुरके वलय पसरते आणि आणखी तारे बुडतात. आपल्या भागात हा फरक ऋतूप्रमाणे स्पष्ट जाणवतो. आश्विनात पावसाने धुऊन निघालेली हवा इतकी स्वच्छ असते की चंद्रापासून थोडे दूर पाहिले की आकाश लगेच गडद होते. उलट गळीत हंगामात चिकोडी-निपाणीकडे उसाचे पाचट पेटते तेव्हा त्याच तिथीचे आकाश दुधाळ होऊन जाते. निरीक्षणासाठी कोजागरीची पौर्णिमा फाल्गुनातल्या पौर्णिमेपेक्षा चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमावास्येच्या काळोख्या रात्री साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे डोळ्यांना दिसतात. असे तारे संपूर्ण आकाशात सुमारे ५,००० आहेत, म्हणजे एका वेळी क्षितिजाच्या वर त्यांतले निम्मे. पौर्णिमेला ही मर्यादा चौथ्या प्रतीच्या आसपास येते आणि चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे संपूर्ण आकाशात सुमारे ५०० आहेत. एका वेळी अडीचशे. नुकसान मोठे आहे, हे मान्य करावेच लागेल. परंतु नवीन शिकणाऱ्याच्या दृष्टीने हेच अडीचशे तारे महत्त्वाचे असतात. जांबोटीच्या बाजूला अंधाऱ्या रात्री आकाश पाहणारा नवखा माणूस ताऱ्यांच्या गर्दीत गोंधळून जातो आणि त्याला भाद्रपदांचा चौकोनही सापडत नाही. पौर्णिमेला तो चौकोन, उत्तरेकडची शर्मिष्ठा, पश्चिमेला कललेले अभिजित, श्रवण आणि हंस एवढेच ठळकपणे उरतात, आणि एका संध्याकाळी ते पाठ होतात. शिवाय बेळगाव शहरातल्या टिळकवाडीच्या बंगल्यातली बाग आणि खेड्यातले परडे यांच्यात एरवी जो मोठा भेद असतो, तो या रात्री बराच कमी होतो, कारण शहरी दिव्यांपेक्षा चंद्राचाच उजेड वरचढ ठरतो.

चंद्र किती तारे झाकतो हे घरच्या घरी मोजण्यासाठी अरुंधतीसारखे साधन नाही. सप्तर्षींतल्या वसिष्ठाला खेटून असलेली ही तारका बरोबर चौथ्या प्रतीची आहे. लग्नात नवदांपत्याला ती दाखवण्याची चाल आपल्याकडे आहे. चैत्र-वैशाखात संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला वर आलेले असतात, तेव्हा शुद्ध पक्षात रोज रात्री एकाच वेळी अंगणात येऊन अरुंधती दिसते का, हे नोंदवावे. चतुर्थीला ती सहज दिसते. पौर्णिमेपर्यंत कोणत्या तिथीला ती दिसेनाशी होते, यावरून आपल्या गावच्या हवेची पारख होते. निरीक्षण करताना चंद्र झाडाआड किंवा भिंतीआड राहील अशी जागा घ्यावी. आकाश त्याने काळे होत नाही, पण डोळ्यांतल्या बाहुल्या थोड्या अधिक उघडतात.

बेळगावचे अक्षांश जवळजवळ १६ अंश असल्याने ध्रुवतारा येथून क्षितिजावर १६ अंशच वर असतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची, म्हणजे दीड मुठीहून थोडा अधिक. उत्तरेची ही उणीव दक्षिण भरून काढते. व्याधानंतरचा सर्वांत तेजस्वी तारा अगस्त्य दिल्लीहून पाहिला तर क्षितिजावर जेमतेम नऊ अंश येतो, आमच्या परड्यातून तो २१ अंशांपर्यंत चढतो, आणि माघातल्या भर चांदण्यातही शेतावर तो स्थिर तेवत असतो.

दुर्बिणीतून पाहू लागले की चंद्रप्रकाशाच्या निवडीचे कारण अधिक स्पष्ट होते. तारा इतका दूर असतो की तो एक बिंदूच दिसतो. दुर्बिणीची विवर्धनक्षमता दुप्पट केली की पार्श्वभूमीचे आकाश चौपट क्षेत्रावर पसरते आणि एक चतुर्थांश इतके मंद होते, पण तारा बिंदूच राहतो आणि त्याचा प्रकाश पूर्वीइतकाच राहतो. म्हणून चांदण्या रात्री मोठे विवर्धन वापरून ताऱ्यांना पुन्हा काळी पार्श्वभूमी मिळवून देता येते. देवयानी तारकासमूहातली दीर्घिका (ताऱ्यांचा अफाट समूह) किंवा तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग) यांना ही सवलत नाही. ते स्वतःच पसरट असल्याने आकाशाबरोबर तेही विरळ होतात आणि उजेडात बुडतात.

म्हणूनच या रात्री जोडताऱ्यांच्या आहेत. हंसाच्या चोचीच्या जागी असलेला अल्बिरिओ डोळ्यांना एकच तारा दिसतो. लहान दुर्बिणीतून त्याचे ३४ विकलांच्या (एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक भाग म्हणजे एक विकला) अंतरावरचे दोन तारे होतात, एक सोनेरी आणि दुसरा निळसर. त्या कोजागरीला आजींनी तो पाहिला आणि दोन्ही रंग बरोबर सांगितले. रंगांतला हा फरक तापमानाचा आहे: निळसर तारा अधिक तप्त, सोनेरी त्या मानाने थंड. देवयानीच्या पायापाशी असाच एक जोडतारा आहे, पण तो अधिक जवळचा असल्याने त्याला थोडे जास्त विवर्धन लागते. कार्तिकापासून रात्री दहिवर पडू लागते आणि भिंग पाहता पाहता धुरकटते. ते पुसू नये, भिंगाच्या पुढे जाड कागदाची नळी बसवली की बराच वेळ निभावतो.

ग्रहांना तर चंद्राची अडचण नसतेच. याचा पुरावा इतिहासात आहे. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी गुरूजवळ प्रथम तीन बारीक 'तारे' पाहिले, त्या रात्री पौर्णिमेला अवघे दोन-तीन दिवस उरले होते आणि वाढता चंद्र गुरूच्याच बाजूच्या आकाशात होता. ते 'तारे' म्हणजे गुरूचे चंद्र होते; चौथा चंद्र त्याला १३ जानेवारीला दिसला. खगोलशास्त्राची दिशा बदलणारे ते निरीक्षण भर चांदण्यात झाले. आजही मोठ्या वेधशाळा काळोख्या आणि उजळ रात्रींची वाटणी करतात. अंधूक दीर्घिकांना काळोखी रात्र मिळते, तेजस्वी ताऱ्यांचे वर्णपट आणि अवरक्त (तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांतली कामे चांदण्या रात्रींकडे जातात, कारण अवरक्त किरण हवेत फार कमी विखुरतात.

आता खुद्द चंद्राबद्दल. विवरे पाहण्यासाठी पौर्णिमा ही सर्वांत वाईट रात्र आहे, कारण सावल्याच नसतात. त्यासाठी सप्तमी ते दशमी या तिथी घ्याव्यात आणि उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर नजर ठेवावी. पौर्णिमेला दिसतात ती किरणे आणि डाग. दक्षिणेकडच्या टायको या सुमारे ८५ किलोमीटर रुंदीच्या विवरातून पांढरे पट्टे चंद्राच्या अर्ध्या चेहऱ्यावर पसरलेले असतात; आघाताने उडालेला तो चुरा आहे. टायकोवरून आणखी दक्षिणेला, कडेच्या दिशेने सरकले की २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले तो सुमारे ६९ अंश दक्षिणेचा प्रदेश येतो. यान अर्थातच दिसत नाही, पण आपण कोठे पोहोचलो ती जागा आपल्याच परड्यातून नजरेने गाठता येते, याचे मला फार अप्रूप आहे.

ज्या काळ्या डागांमुळे चंद्राला शशांक म्हटले गेले, ते गोठलेल्या लाव्ह्याचे मैदान आहे. तो खडक बेसाल्ट, म्हणजे बेळगाव परिसरात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो त्याच जातीचा. दख्खनच्या लाव्ह्याचे थर दक्षिणेकडे आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन संपत जातात. आपला पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर चंद्रावरचा बहुतेक तीन अब्ज वर्षांहून जुना. अपोलो-११ च्या चांद्रवीरांनी जुलै १९६९ मध्ये चंद्रावरच्या 'शांतिसागर' नावाच्या अशाच एका काळ्या मैदानातून आणलेल्या नमुन्यांत असाच खडक होता.

काही रात्री चंद्राला मोठे खळे पडते. उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षट्कोनी स्फटिक असतात आणि त्यांतून वळलेला प्रकाश चंद्रापासून २२ अंशांवर गोळा होतो. हात लांब करून पसरलेली वीत साधारण तेवढीच भरते. चंद्राला चिकटून दिसणारे लहान रंगीत कडे वेगळे, ते पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे होते.

चंद्र किती झाकतो हे मला सर्वांत स्पष्ट दिसले ते ३१ जानेवारी २०१८ च्या संध्याकाळी. त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण होते आणि आमच्याकडे चंद्र उगवला तोच ग्रासलेला, विटकरी रंगाचा. संधिप्रकाश ओसरत गेला तसे पौर्णिमेच्या आकाशात अमावास्येसारखे तारे येऊ लागले, आणि चंद्रापासून काही अंशांवरचा पुष्य नक्षत्रातला तारकापुंज द्विनेत्रीतून स्वच्छ दिसला. सात वाजून सदतीस मिनिटांनी खग्रास अवस्था संपली. चंद्राची कड उजळली आणि त्यानंतरच्या तासाभरात तो पुंज एकेक तारा गमावत द्विनेत्रीतही फिका पडत गेला. तारे हलले नव्हते, हवा तीच होती, बदलला तो केवळ विखुरलेला उजेड.

ग्रहणाची वाट न पाहता हाच अनुभव दर महिन्याला थोड्या प्रमाणात घेता येतो, आणि त्यासाठी दिनदर्शिकेत संकष्टीचा चंद्रोदय छापलेलाच असतो. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. संकष्टीला तो साडेआठ-नऊच्या पुढे येतो, आणि थंडीच्या दिवसांत सव्वासातला पूर्ण अंधार झालेला असतो. उपवास करणारी मंडळी चंद्राची वाट पाहत असतात तेव्हा मी परड्यात असतो. कार्तिकातल्या संकष्टीला त्या दीड तासात देवयानीची दीर्घिका, २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला तिचा प्रकाश, शर्मिष्ठेच्या वरच्या बाजूला धुक्याच्या बोटासारखी दिसते. मग पूर्वेचे आकाश फटफटते, फणसामागून चंद्र वर येतो, घरात आरती सुरू होते, आणि दीर्घिका विरत गेल्यावर ईशान्येला ब्रह्महृदय तारा तसाच पिवळसर चमकत राहतो.