जिताड्याच्या पोटातलं विरजण

माझ्या मामाने देवगडकडच्या खाडीत पिंजरे टाकून जिताडा सोडलाय, आणि दरवर्षी पावसाच्या तोंडावर त्याचा जीव टांगणीला लागतो. पहिला मोठा पाऊस झाला की खाडीचं पाणी एकदम गोडं आणि गढूळ होतं, मासे खायचे कमी होतात, आणि मग एक दिवस अंगावर लाल चट्टे आणि शेपटी कुजलेले दोनचार मासे वर तरंगताना दिसतात. असं दिसलं की पहिला संशय व्हिब्रिओ बॅक्टेरियावर जातो.

व्हिब्रिओ काही बाहेरून येत नाही बरं का. तो समुद्राच्या पाण्यात, माशाच्या अंगावर, पोटात कायमच असतो. मासा दमला, दाटी झाली, जाळीला घासून खवलं निघालं की त्याला संधी मिळते.

गेल्या वर्षी मासे मरायला लागल्यावर मामाचा फोन आला, "अरे, ते प्रोबायोटिकचं पाकीट आणून टाकू का?" मी म्हटलं, मामीला विचार, दूध नासल्यावर विरजण लावून दही होतं का? दूध चांगलं असतानाच विरजण लावलं तर चांगले बॅक्टेरिया आधी वाढतात, दूध आंबट करतात आणि नासवणाऱ्यांना वाढूच देत नाहीत. माशाच्या आतड्यातही साधारण हेच चालतं. प्रोबायोटिक म्हणजे असेच चांगले बॅक्टेरिया. ते आतड्याला चिकटायची जागा अडवतात, लोह आणि बाकीचं अन्न पळवतात, काही जण व्हिब्रिओला मारणारी रसायनं सोडतात, आणि माशाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी ठेवतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. व्हिब्रिओ एकमेकांना रासायनिक निरोप पाठवतात, पुरेसे जमलो की मिळून हल्ला करायचा म्हणून, आणि बॅसिलस नावाच्या चांगल्या बॅक्टेरियाच्या काही जाती ते निरोपच तोडून टाकतात!

याचा खरा उपयोग हॅचरीत आहे. नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू इतकं कोवळं की त्याला लस देऊन उपयोग नाही, प्रतिकारशक्तीच तयार झालेली नसते. त्यात ते खातं रोटिफर आणि आर्टेमियासारखे जिवंत बारीक जीव, आणि त्यांच्याबरोबर व्हिब्रिओ फुकटात पोटात जातो. बरं, टाकीचं पाणी पूर्ण निर्जंतुक केलं तर रिकाम्या जागेत सगळ्यात झटपट वाढणारेच आधी घुसतात, आणि त्यात व्हिब्रिओ पुढे. म्हणून जागा आधीच भरून ठेवायची. युरोपात टर्बट नावाच्या चपट्या माशाच्या पिल्लांना फिओबॅक्टर हा समुद्रातलाच बॅक्टेरिया रोटिफरमधून देऊन पाहिला, तेव्हा व्हिब्रिओने मरणारी पिल्लं कमी झाली.

पिंजऱ्याचं गणित वेगळं. कोलंबीच्या तळ्यात पाकीट पाण्यात सोडलं तर ते तिथेच राहतं, पण खाडीत टाकलेलं सगळं ओहोटीबरोबर निघून जातं, पैसे पाण्यात. इथे ते खाद्यातूनच द्यायला हवं. प्रयोगांमध्ये साधारण एका ग्रॅम खाद्यात 10 लाख ते 10 कोटी बॅक्टेरिया ठेवतात. कारखान्यात गोळी बनताना उष्णतेने लॅक्टोबॅसिलस हा दह्याच्या जातकुळीतला बॅक्टेरिया मरतो, बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपलेलं त्याचं रूप, मात्र टिकतात, म्हणून पाकिटांत बहुतेक वेळा तोच दिसतो. घरी द्यायचं तर थोड्या माशाच्या तेलात कालवून गोळ्यांना चोळायचं आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी घालायचं. आणि हे रोजचं काम, कारण बाहेरून दिलेले बॅक्टेरिया बरेचदा आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत, देणं थांबवलं की हळूहळू जातात.

मग अँटिबायोटिक का नाही, असं मामा विचारतोच. कारण ते चांगलेवाईट सगळेच मारतं, उरलेले व्हिब्रिओ त्याला दाद देत नाहीत, आणि क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान अशा अँटिबायोटिकांचा अंश सापडला की परदेशात गेलेला माल परत येतो. मला तर हे मनापासून नको वाटतं, तीच खाडी आहे जिथे आपण तिसऱ्या (शिंपल्या) काढतो आणि पोरं पोहतात.

या वर्षी मामाने मे महिन्यातच सुरुवात केलीय. जाळ्या घासून घेतल्या, एका पिंजऱ्यातले मासे दोन पिंजऱ्यांत वाटले, आणि रोज सकाळी मामी पडवीत बसून खाद्याला ते कालवण चोळते.