संधिवात, पण नेमका कोणता?

माझ्या मावशीच्या हाताचे दुखणे सर्वांत आधी लक्षात आले ते कासाराच्या. घरात लग्न होते, बायका चुडा भरायला ओळीने बसल्या होत्या, आणि कासाराने सवयीप्रमाणे तिचा पंजा बोटांच्या मुळाशी आवळून बांगडी पुढे सरकवताच ती कळवळली. ‘ताई, हात सुजलाय तुमचा, नेहमीचं माप बसायचं नाही,’ असे म्हणून त्याने मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या आणि विषय तेथेच संपला. त्यानंतर तिच्या आजाराला नाव मिळेपर्यंत चौदा महिने गेले. अखेर ती संधिवाततज्ज्ञांकडे पोहोचली तेव्हा त्यांनी कागद बाजूला ठेवून सर्वांत आधी तेच केले, जे कासाराने केले होते. त्यांनी तिच्या बोटांच्या मुळाशी असलेले सांधे दोन्ही बाजूंनी आडवे दाबले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. या दाबण्याला वैद्यकात रीतसर चाचणीचा मान आहे. त्याने दुखत असेल, तर रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची शंका घ्यावी, असे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले जाते.

मधल्या चौदा महिन्यांत तिच्यावर उपचार झाले नाहीत असे नाही. उपचार होत होते, ते ‘संधिवाता’वर. आपल्या भाषेतला हा शब्द मोठा सोयीचा आणि तितकाच फसवा आहे, कारण सांधे दुखण्याचे शंभराहून अधिक निरनिराळे आजार आपण त्या एका शब्दात कोंबतो. उतारवयात गुडघ्याची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे मऊ आवरण) झिजते तोही संधिवात, युरिक आम्लाचे स्फटिक साचून एका रात्रीत पायाचा अंगठा लालबुंद होतो (म्हणजे गाउट) तोही संधिवात, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते (म्हणजे रुमॅटॉइड) तोही संधिवातच. या तिन्हींचे उपचार इतके वेगळे आहेत की एकाचे औषध दुसऱ्याला निरुपयोगी ठरते. युरोपातही हा घोळ दीर्घकाळ होता. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील ओग्युस्तँ लांद्रे-बोव्हे यांनी १८०० साली या तिसऱ्या आजाराचे स्पष्ट वर्णन केले, पण त्यांनाही तो गाउटचाच एक प्रकार वाटला. पुढे लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले असते हे दाखवून दिले, आणि त्या कसोटीवर न बसणाऱ्या या दुखण्याला १८५९ मध्ये ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे स्वतंत्र नाव दिले. इंग्रजीत नाव वेगळे झाले. मराठीत मात्र बोलताना अजून सगळे एकाच गाठोड्यात आहे.

या आजारात नेमके काय घडते हे समजले, की निदानाच्या खुणाही आपोआप उलगडतात. सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असते आणि ते सांध्याला वंगण पुरवते. प्रतिकारयंत्रणेच्या पेशी या अस्तरात शिरून तेथे दाह सुरू करतात. अस्तर फुगते, जाड होते आणि हळूहळू शेजारची कूर्चा व हाड पोखरू लागते. म्हणून या सांध्यांची सूज बोटाने चाचपली तर मऊ, किंचित स्पंजासारखी लागते, तर झिजेच्या संधिवातात बोटांच्या टोकांजवळच्या सांध्यांवर येणारे उंचवटे हाडासारखे टणक असतात. जागाही वेगळी असते. रुमॅटॉइडमध्ये मनगट, बोटांच्या मुळाचे सांधे, बोटांचे मधले सांधे आणि पावलांच्या चवड्यांतले सांधे धरतात, बहुधा दोन्ही बाजूंचे, आणि नखांजवळचे शेवटचे सांधे बहुधा सुटतात. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आढळतो, आणि तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. तिशी ते साठी हा त्याचा नेहमीचा काळ.

दुसरी मोठी खूण म्हणजे सकाळचे आखडणे. रात्री दाह वाढवणारी काही रसायने, विशेषतः इंटरल्युकिन-६, पहाटेच्या सुमारास रक्तात सर्वाधिक असतात, आणि त्यांना आवर घालणारे शरीरातले नैसर्गिक कॉर्टिसॉल मध्यरात्री तळाला गेलेले असते. शिवाय सांधा रात्रभर स्थिर राहिल्यामुळे सुजलेल्या अस्तरात द्रव साचतो. म्हणून उठल्यावर मूठ वळत नाही, टूथपेस्ट दाबता येत नाही, कुकरचे झाकण फिरत नाही. झिजेच्या संधिवातातही सकाळी सांधे धरतात, पण ते बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात आणि दिवसभराच्या कामाने पुन्हा दुखू लागतात. रुमॅटॉइडमध्ये उलट, हालचालीने बरे वाटते आणि विश्रांतीने बिघडते. मावशी सकाळी भाकऱ्या थापण्याऐवजी दहानंतर थापू लागली होती आणि घरातल्यांनी त्याला आळस म्हटले होते. डॉक्टरांनी ‘सकाळी किती वेळ दुखतं?’ असे विचारले असते, तर तिने ‘दुखतंच की दिवसभर’ असे उत्तर दिले असते. त्यांनी विचारले ते असे: ‘उठल्यापासून हात पूर्ण मोकळे व्हायला किती वाजतात?’ या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ तयार होते, आणि माझ्या मते तिच्या निदानाचा निम्मा भाग तेथेच पार पडला.

आता रक्ततपासणीकडे वळू, कारण गोंधळ सर्वांत जास्त तेथे होतो. मावशीची ‘आरए टेस्ट’ सुरुवातीलाच झाली होती आणि ती निगेटिव्ह आली होती, म्हणून ‘तो आजार नाही’ असे तिला सांगण्यात आले. ही चाचणी म्हणजे रुमॅटॉइड फॅक्टरची. नॉर्वेचे एरिक वालर यांनी १९४० मध्ये आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे अमेरिकेचे हॅरी रोझ व सहकारी यांनी १९४८ मध्ये दाखवले, की अशा रुग्णांच्या रक्तद्रवामुळे प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) लेप असलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच प्रतिपिंडांविरुद्ध प्रतिपिंडे असतात, म्हणून हे घडते. परंतु ही प्रतिपिंडे रुमॅटॉइडच्या साधारण ७० ते ८० टक्के रुग्णांतच सापडतात, आजाराच्या आरंभी त्याहून कमी जणांत, आणि दुसरीकडे हेपॅटायटिस सी किंवा क्षयासारख्या दीर्घ संसर्गात आणि सुमारे ५ टक्के धडधाकट माणसांतही असतात. वयाबरोबर हे प्रमाण आणखी वाढते.

याचा अर्थ आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला (हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला जातात तेच भिगवण) घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली, तेव्हा तेथील प्रौढांत रुमॅटॉइडचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळले. म्हणजे हजार प्रौढांत पाच रुग्ण. या हजारही जणांची सरसकट चाचणी केली, तर पाचपैकी चौघांची ती पॉझिटिव्ह येईल, आणि उरलेल्या ९९५ निरोगी माणसांपैकी सुमारे पन्नास जणांचीही येईल. चोपन्न पॉझिटिव्ह अहवालांत खरे रुग्ण केवळ चार! प्रयोगशाळांच्या सवलतीच्या ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’मध्ये ही चाचणी घाऊकपणे केली जाते तेव्हा जवळजवळ हेच घडते, आणि मग पन्नास घरांत विनाकारण काळजी शिरते. तीच चाचणी सुजलेल्या सांध्यांच्या माणसात केली, की तिचे वजन एकदम वाढते, कारण शंका मुळातच सबळ असते. चाचणी तीच, प्रश्न कोणाला विचारला यावर उत्तराची किंमत ठरते.

अँटी-सीसीपी ही दुसरी चाचणी अधिक नेमकी आहे. तिच्या मुळाशी सिट्रुलिन हे अमिनो आम्ल आहे, आणि त्याला हे नाव मिळाले ते कलिंगडाच्या वनस्पतिशास्त्रीय नावावरून, कारण जपानी रसायनशास्त्रज्ञांना ते प्रथम कलिंगडाच्या रसात सापडले. कलिंगड खाण्याचा या आजाराशी काहीही संबंध नाही, हे लगेच सांगून टाकलेले बरे. दाह चालू असताना शरीरातली काही विकरे (एन्झाइम) प्रथिनांमधल्या आर्जिनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत ही क्रिया अधिक चालते. काही जणांची प्रतिकारयंत्रणा अशा बदललेल्या प्रथिनांना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. ही प्रतिपिंडे १९६४ पासून वेगळ्या नावाने माहीत होती, पण ती ओळखायला माणसाच्या गालाच्या आतल्या पेशी लागत, त्यामुळे रोजच्या वापरात ती चाचणी कधी रुळली नाही. त्यांचे खरे लक्ष्य सिट्रुलिन आहे हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले आणि सोयीची चाचणी तयार झाली. रुमॅटॉइडचे साधारण दोन तृतीयांश रुग्ण तिच्यात पकडले जातात, आणि आजार नसलेल्यांत ती पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक नसते. पुढे डच रक्तदात्यांचे जपून ठेवलेले जुने नमुने तपासले तेव्हा असे दिसले, की सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच ही प्रतिपिंडे काहींच्या रक्तात होती.

ईएसआर आणि सीआरपी (दाहात रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाचे मोजमाप) या चाचण्या आजाराचे नाव सांगत नाहीत. शरीरात कोठेतरी दाह आहे एवढेच सांगतात. ईएसआरमध्ये उभ्या नळीतल्या तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात हे मोजतात. दाहात वाढलेल्या प्रथिनांमुळे या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर तळाशी जातात. मात्र रक्तक्षय असला तरी त्या लवकर बसतात, आणि आपल्याकडच्या स्त्रियांत रक्तक्षय किती आहे हे ठाऊक असेल, तर एकट्या ईएसआरवर कोणी फार भिस्त ठेवणार नाही.

अमेरिका आणि युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये या सर्व खुणांना गुण देणारी एक पद्धत ठरवली. एक तरी सांधा निश्चित सुजलेला असावा आणि त्याचे दुसरे कारण सापडू नये, ही तिची पहिली अट. त्यानंतर सांध्यांची संख्या व प्रकार यांना कमाल ५, प्रतिपिंडांना ३, वाढलेल्या ईएसआर किंवा सीआरपीला १ आणि सहा आठवडे वा अधिक काळ टिकलेल्या लक्षणांना १. दहापैकी सहा मिळाले की रुमॅटॉइड. मावशीचे सहा छोटे सांधे धरले होते त्याचे ३, ईएसआरचा १, कालावधीचा १, असे पाच गुण होत होते, आणि निगेटिव्ह ‘आरए टेस्ट’मुळे ती उंबरठ्याबाहेरच राहिली होती. अँटी-सीसीपी भरपूर वाढलेली आली आणि पाचाचे आठ झाले. अर्थात ही गुणपद्धती मुळात संशोधनासाठी रुग्णांचे गट पाडण्याकरिता बनली आहे. दोन्ही प्रतिपिंडे नसलेले रुमॅटॉइडचे रुग्ण असतात, आणि त्यांचे निदान अनुभवी हाताने, गरजेप्रमाणे सोनोग्राफीत अस्तराची सूज पाहून करावे लागते.

सहा आठवड्यांच्या अटीमागे कारण आहे. विषाणूंमुळे होणारी सांधेदुखी बहुधा तेवढ्या काळात ओसरते. चिकनगुनिया मात्र हा हिशेब बिघडवतो. महाराष्ट्रात २००६ मध्ये त्याची मोठी साथ आली तेव्हापासून, तापानंतर महिनोन् महिने हातपाय सुजलेले रुग्ण डॉक्टरांना परिचित आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींचे सांधे वरवर पाहता हुबेहूब रुमॅटॉइडसारखे दिसतात. मावशीलाही ‘चिकनगुनियाचं राहिलेलं दुखणं’ असेच कोणीतरी सांगितले होते, जरी तिला ताप आल्याचे घरात कोणालाच आठवत नव्हते. त्यात तिने कोणाच्या तरी सांगण्यावरून एक बेनावाची पुडी सुरू केली आणि आठवड्यात तिची सूज उतरली. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. सूज उतरते, तपासणीत सांधा सामान्य भासतो, आणि आतले पोखरणे चालूच राहते.

उशीर महागात पडतो तो यामुळे. सुरुवातीच्या महिन्यांत क्ष-किरण चित्र बहुधा स्वच्छ असते, आणि ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे वाक्य दिलासा म्हणून सांगितले जाते; वस्तुतः उपचाराची खरी वेळ तीच असते, कारण हाडाच्या कडा कुरतडल्याच्या खुणा एकदा उमटल्या की त्या सहसा पुसल्या जात नाहीत. अनेक रुग्णांत त्या पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागतात. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत उपचार मिळालेल्यांत आजार पूर्ण आटोक्यात येण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. मावशीच्या उजव्या मनगटाच्या चित्रात अशा दोन खुणा होत्या. तज्ज्ञांनी त्या पडद्यावर बोटाने दाखवल्या आणि नंतर यकृत, मूत्रपिंड, हेपॅटायटिस बी व सी यांच्या तपासण्या आणि छातीचे चित्र लिहून दिले, कारण पुढच्या औषधाआधी हे पाहावे लागते.

ते औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. मोठ्या मात्रेत ते कर्करोगावर वापरतात, आणि औषधाच्या दुकानातून मिळालेल्या कागदावर तेच वाचून पुष्कळ रुग्ण घाबरतात. येथे मात्रा अगदी थोडी असते आणि गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. चुकून रोज घेतल्या तर त्या जिवावर बेतू शकतात. मावशीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘फक्त रविवारी’ असे मराठीत, ठळक अक्षरांत लिहून त्याभोवती दोनदा गोल केला होता.