जागा सोडलेला पित्तखडा

एखादा धडधाकट माणूस पोटदुखी आणि उलट्यांनी दोन-तीन दिवसांत दगावला की कोकणातल्या गावांत नातेवाइकांची पहिली विनवणी असते ती देहाची चिरफाड टाळण्याची. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये २०२१ साली आभासी शवविच्छेदन, म्हणजे देह न चिरता स्कॅनवरून केलेली तपासणी, सुरू झाल्यापासून सीटी स्कॅनमध्ये सगळे कळते, असा समजही रुजू लागला आहे. तो खरा नाही, हे पित्तखड्याने आलेल्या मृत्यूंवरून दिसते.

पित्ताशयातले खडे बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाहीत, त्यामुळे खडा सापडला म्हणजे मृत्यूचे कारण सापडले असे होत नाही. शिवाय निव्वळ कोलेस्टेरॉलचा खडा पित्ताइतक्याच घनतेचा असल्यास सीटीवर दिसतही नाही; कॅल्शियम साचलेला खडा मात्र हाडासारखा पांढरा उमटतो.

खरी उकल होते ती खड्याने जागा सोडल्यावर. साधारण अडीच सेंटिमीटरहून मोठा खडा कधीकधी सुजलेल्या पित्ताशयाची भिंत झिजवून लगतच्या लहान आतड्यात उतरतो आणि सरकत सरकत, ते मोठ्या आतड्याला मिळते त्याच्या जरा अलीकडे, अरुंद भागात अडकतो. आतडे तुंबते, उलट्यांनी अंगातले पाणी आणि क्षार घटतात, आणि झिजून पडलेल्या भोकातून आतड्यातली हवा उलट पित्तनलिकांत शिरते. तुंबलेले आतडे, पित्तनलिकांतली हवा आणि भलत्या जागचा खडा या तीन खुणा क्ष-किरणतज्ज्ञ रिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांवरून मांडल्या.

मृतदेहात यांतल्या पहिल्या दोन खुणा फसव्या ठरतात. मृत्यूनंतर जंतूंनी तयार केलेला वायू आतडी फुगवतो आणि यकृताच्या रक्तवाहिन्यांतही भरतो. कोकणच्या दमट उष्म्यात, शीतपेटी नसेल तर, हे फार लवकर घडते. जिवंतपणी पित्तनलिकांतली हवा यकृताच्या मध्याकडे राहते, तर आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या प्रवेशिनी शिरेतला वायू रक्ताबरोबर कडेला वाहत जातो. रक्ताभिसरण थांबले की हा फरक पुसट होतो. कुजण्यामुळे खडा मात्र पित्ताशयातून आतड्यात जात नाही, म्हणून तिन्ही खुणांत त्याचीच साक्ष भरवशाची.

स्वादुपिंडाचे तर मृत्यूनंतर स्वतःच्याच पाचकरसांनी पचन होते, त्यामुळे खड्याने आलेली सूज स्कॅनवर ओळखणे अवघड जाते.

खडा मुख्य पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते. ती ‘उतरवणारे’ हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात पिवळा रंग काढून दाखवतात. तो रंग रसाचा आणि चुन्याचा असतो, आणि त्यात उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. अशा मृत्यूत स्कॅनवर रुंदावलेली पित्तनलिका आणि, कॅल्शियम असेल तर, तिच्या खालच्या टोकाशी खडा दिसतो. पित्तात जंतुसंसर्ग होऊन तो रक्तात पसरला होता का, हे ठरवायला मात्र यकृताच्या ऊतींची आणि रक्ताची तपासणीच करावी लागते.