लहान मुलांचे हट्टी व आक्रमक वर्तन

जमिनीवर लोळण घेणे, चावणे, ओरबाडणे, वस्तू भिरकावणे, सांगितलेले न ऐकणे असे वागणे साधारण दीड ते पाच वर्षे वयात बहुतेक मुलांत दिसते. या वयात इच्छा झपाट्याने वाढतात, शब्द मागे राहतात. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे अशा मुलाला ‘वाईट वळणाचे’ ठरवणे चूक आहे.

वर्तन समजून घेताना तीन गोष्टी पाहतात : आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले. बहुधा त्याला एखादी वस्तू किंवा मोठ्यांचे लक्ष हवे असते, नकोसे काम टाळायचे असते, नाहीतर अंगात काही दुखत-खुपत असते. भूक, अपुरी झोप, कानाचे दुखणे, जंत, लोहाची कमतरता यांनीही मूल चिडचिडे होते. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, दुपारची झोप मोडते आणि त्यातच लग्नसराई असते. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांना, म्हणजे तिच्या उत्सवातील प्रसादाच्या जेवणाला, घर भाऊबंदांनी भरते, जेवणाखाणाच्या वेळा पुढे सरकतात. अशा दिवशी मुलाने भोकाड पसरले, तर आधी त्याला खाऊ-पिऊ घालून शांत जागी निजवावे.

खानदेशात भाषेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत घरोघरी अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी अशा बोली चालतात; अंगणवाडीत मात्र पुष्कळदा प्रमाण मराठी कानावर पडते. सूचना न समजलेले मूल उठून पळते किंवा शेजारच्याला ढकलते, आणि त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का बसतो. सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात; हंगाम संपल्यावर परतलेल्या मुलाला अंगणवाडी पुन्हा नवखी असते.

मार्गदर्शनाची सुरुवात मुलाच्याच बोलीतून करणे सर्वांत परिणामकारक. ठोकळ्यासाठी तीन वर्षांचा मुलगा दुसऱ्याला चावायला धावला, तर सेविकेने खाली बसून त्याचा हात हलकेच धरावा, ‘चावायचं नाही’ एवढेच सांगावे आणि ‘माले दे’ (अहिराणीत ‘मला दे’) हे शब्द त्याच्याकडून म्हणवून घ्यावेत. त्याने ते म्हटले की शक्य तेव्हा ठोकळा लगेच मिळवून द्यावा, कारण बोलून वस्तू मिळते हे कळल्यावर चावण्याची गरज उरत नाही. चावा बसला असेल, तर आधी दुखावलेल्या मुलाला जवळ घ्यावे.

आठवडे बाजारात फुग्यासाठी मांडलेल्या आकांताचे गणित वेगळे. आईने नाही म्हटलेले आजीने दिले, तर रडणे कामी येते हे मूल शिकते; कधी मिळते, कधी नाही, अशा हट्टाची मुळे तर आणखी खोल जातात. देणे थांबवल्यावर रडणे आधी वाढते आणि मग ओसरते. नेमक्या त्या वाढीच्या वेळी घरातले हार मानतात, म्हणून आई, आजी, काकू सगळ्यांचे आधी एकमत हवे. रडण्याच्या भरात उपदेश करू नये. जवळ थांबावे, इजा होऊ देऊ नये. शांत झाल्यावर नेमके कौतुक करावे : ‘फुगा नाही मिळाला तरी तू माझा हात धरून चाललास.’

मार, बागुलबुवा, ‘पोलीस धरून नेईल’ ही धमकी यांनी मूल तेवढ्यापुरते गप्प होते, पण रागाचे काय करायचे ते शिकत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. अंगणवाडीतली मुले त्याहून लहान. त्यांच्यावर हात उगारण्याचे समर्थन होऊच शकत नाही.

काही लक्षणांत वाट पाहू नये : वर्षाचे मूल हाकेला ओ देत नाही, दोन वर्षांचे दोन शब्द जोडत नाही, आलेली भाषा हरवते, किंवा मूल स्वतःला वारंवार इजा करते. ऐकू येणे आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांची तपासणी तेव्हा आवश्यक ठरते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. पथकाची फेरी लांब असेल, तर सेविका किंवा आशाताईंमार्फत मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.